०:५२:३४ विद्राव्य खत: कुंडीतल्या मोगऱ्यासाठी कितपत कामाचं?

पांढरी, स्फटिकासारखी पावडर. नत्र शून्य, स्फुरद (फॉस्फरस) ५२ टक्के, पालाश (पोटॅश) ३४ टक्के. पाण्यात पूर्ण विरघळते; तळाशी गाळ उरला तर भेसळीचा संशय घ्या. बोअरच्या जड पाण्यात थोडा गढूळपणा येऊ शकतो, तो पाण्यातल्या कॅल्शियममुळे.

खत उत्तम आहे, पण बहुतेक जण ते चुकीच्या वेळी घालतात. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात आणि फुटीला नत्र लागतं, जे यात नाहीच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी, मग शेणखत किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), आणि कोवळ्या शेंड्यांवर बारीक कळ्या दिसल्यावरच हे. कुंडीला लिटरमागे १ ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, माती आधी ओली करून. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, तेव्हा ५ लिटर पाण्याला एकच. कोरड्या मातीत किंवा जास्त प्रमाणात दिलं की क्षार साचून पानांच्या कडा करपतात.

कॅल्शियम नायट्रेटमध्ये कधीही मिसळू नका. न विरघळणारा फॉस्फेट तयार होतो आणि दोन्ही खतं वाया जातात.

जास्वंदीसाठी मात्र शिफारस करणार नाही. जादा स्फुरदामुळे तिला लोह, जस्त घेता येत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. मोगऱ्यालाही रोज पाच-सहा तास ऊन नसेल, तर आधी कुंडीची जागा बदला. खत नंतर आणा.