खोबरेल, सूर्यफूल, बदाम की मुठेल?

परवा दुकानात अंगाला लावायच्या तेलाची एक बाटली हातात घेतली. पुढे ठसठशीत बदाम, मागे घटकांच्या यादीत पहिलंच नाव ‘पॅराफिनम लिक्विडम’, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं मिनरल ऑइल. ‘प्रुनस अमिग्डॅलस’, म्हणजे बदाम, थेट तळाला. यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात (1 टक्क्याखालचे मात्र कसेही येऊ शकतात), म्हणून तेल घेताना आधी बाटली उलटी करा. मिनरल ऑइलला उगाच नावं ठेवू नयेत. ते अंगावर थर धरून ओलावा उडू देत नाही, खवटही होत नाही. पण बदामाचे पैसे मोजून ते का घ्यायचं?

वनस्पतींच्या तेलांत फरक पडतो तो स्निग्धाम्लांमुळे (फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे तेल ज्यांचं बनतं ती आम्लं). नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्वचेच्या वरच्या थराला सांधून ठेवायला तेच लागतं. बदाम आणि ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल जास्त. हात फिरवला की मऊ लागतं, पण ऑलिव्ह तेल नाजूक त्वचेचा हाच थर सैल करू शकतं. तान्ह्या बाळाच्या मालिशसाठी महागडं ऑलिव्ह आणणाऱ्यांना म्हणूनच मी कळकळीने सांगते, त्यापेक्षा सूर्यफूल बरं.

खोबरेल आपल्या घरचंच. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि पारा 24 अंशांखाली गेला की ते थिजतं. आंघोळ करून अंग ओलसर असतानाच हातापायांना चोळावं, कोरडेपणा पळतो. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर मात्र तिथे ते नकोच, रंध्रं बुजतात. रात्री डोक्याला चोपडून झोपलं की ते कपाळावर उतरतं. केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येत असतील तर आधी तेल धुऊन झोपून पाहा.

टाचांच्या भेगांना मात्र माझं मत मुठेलला. कोकणात कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेली चरबी मुठीत दाबून गोळे वळतात. ते 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गोळा खडूसारखा टणक राहतो. पळीत जरासं पातळ करायचं, कोमट झालं की भेगेत भरायचं आणि वर मोजे चढवायचे. क्रीमच्या डबीवर ते ‘गार्सिनिया इंडिका’ म्हणून सापडेल.

लॅव्हेंडर, लिंबू ही सुगंधी तेलं वेगळ्याच जातीची. ती नुसती, म्हणजे दुसऱ्या तेलात न मिसळता, कधीच लावू नयेत; लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडू शकतात.

सूर्यफुलासारखी तेलं लवकर खवटतात, तेव्हा लहान बाटली घ्या आणि कपाटात ठेवा. नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावा. लाली नाही, खाज नाही, मगच चेहऱ्याला.