साखरपुड्याच्या अंगठीत मोइसनाइट सांगून अमेरिकन डायमंड बसवला, खडा घेताय तर आधी हे वाचा

ज्यांच्या घरात सध्या साखरपुड्याची गडबड चालू आहे आणि हिऱ्याऐवजी मोइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा, लॅबमधे तयार होणारा खडा) घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय. मोइसनाइट वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, मी आजही तोच घालते. पण काउंटरवर एक खडा दाखवायचा आणि अंगठीत भलताच बसवायचा हा जो धंदा आहे तो आमच्याबरोबर झालाय. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार अजून चालू आहे, कृपया मेसेज करून विचारू नका.

आम्ही पुण्यातले, दोघंही नोकरीवाले, फ्लॅटचं बुकिंग नुकतंच केलेलं, त्यामुळे हिऱ्यात पैसे घालायचे नाहीत हे आधीच ठरलेलं. आई म्हणत होती नुसतं सोनं घ्या, अडीअडचणीला मोडता तरी येतं, आणि ते काही चूक नव्हतं, पण मला एक पांढरा झगझगीत खडा हवाच होता, हौस म्हणा. पांढरा पुष्कराज बघितला, तो टणक असतो पण चमक फार नाही, बोटात घातल्यावर काच घातल्यासारखं वाटतं. लॅबग्रोन म्हणजे खराच हिरा, फक्त खाणीऐवजी लॅबमधला, पण आम्ही जिथे जिथे विचारलं तिथे तो मोइसनाइटच्या दुपटीहून वरच सांगत होते. मोइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, हिरा दहा तर हा सव्वानऊ इतका कठीण, रोजच्या धुण्याभांड्यात सुद्धा सहसा ओरखडा पडत नाही, आणि रंगीत झगमग तर हिऱ्यापेक्षा जास्त. त्यामुळे तोच फायनल केला.

काउंटरवरचा माणूस बोलण्यात एक नंबर. "ताई, हा आकाशातून पडलेला खडा आहे" इथपासून सुरुवात. यात अर्ध खरं आहे, हेन्री मोइसां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९३ मधे ॲरिझोनातल्या उल्केच्या खड्ड्यातल्या दगडांत हे स्फटिक सापडले होते, पण आज दुकानात मिळणारा मोइसनाइट सगळा लॅबमधे तयार झालेला असतो. मग त्याने कागदाच्या पुडीतून एक सुटा खडा काढला, पेनासारखा डायमंड टेस्टर काढला, टोक खड्यावर टेकवलं, लाइट पेटत पेटत वरपर्यंत गेले आणि टूंss वाजलं. "बघा काकू, मशीन खोटं बोलत नाही" हे माझ्या आईला. आईसुद्धा खूष.

आता हे मशीन काय करतं ते नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथेच आहे. हा साधा टेस्टर खड्यातून उष्णता किती पटकन जाते एवढंच बघतो. हिऱ्यातून फार वेगाने जाते, मोइसनाइटमधूनही बऱ्यापैकी वेगाने जाते, म्हणून दोन्हीवर तो वाजतो. (म्हणूनच मोइसनाइट हिरा म्हणून खपवणारेही हाच टेस्टर दाखवतात, तो फरक कळायला विजेचं वहन बघणारा वेगळा टेस्टर लागतो.) अमेरिकन डायमंड म्हणजे एडी म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, हिऱ्याची स्वस्तातली नक्कल, त्याच्यावर तो वाजत नाही. म्हणजे त्या दिवशी मशीन खरंच खोटं बोललं नाही, पुडीतला खडा मोइसनाइटच असणार. पण तो आमच्या घरी आलाच नाही!

अंगठी मिळाली साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी, दुकानात ही गर्दी, आमच्या डोक्यात हॉल, केटरर आणि पाहुणे. नवऱ्याने (तेव्हा होणाऱ्या) म्हटलं की परत एकदा टेस्टर लावून दाखवा, तर उत्तर आलं "दादा, अंगठीत बसवल्यावर टोक सोन्याला लागतं आणि मशीन चुकीचं दाखवतं". सोन्याला लागलं तर चुकीचं दाखवतं हे खरं आहे, पण साडेसहा मिलिमीटरच्या खड्याच्या मधोमध टोक टेकवलं तर सोनं लागायचं कारणच नाही. सोबत एटीएम कार्डासारखं एक गुळगुळीत कार्ड दिलं, त्यावर खड्याचा रंग, क्लॅरिटी आणि एक नंबर.

काही महिने छान गेले. मग खडा धुरकट दिसायला लागला. साबणाचा थर असेल म्हणून कोमट पाण्यात ब्रशने धुतला, चमक यायची आणि दोन दिवसात जायची, नंतर तर धुऊनही यायची नाही. सासूबाई म्हणाल्या कणीक मळताना काढत जा. बरं, काढायला लागले, तरी तेच.

कळलं ते योगायोगाने. अंगठी सैल व्हायला लागली म्हणून रविवार पेठेत एका कारागिराकडे साइज कमी करायला गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, अंगठी दोनदा फिरवली आणि म्हणाला, "दीदी, ये तो एडी है." मी म्हटलं अहो नाही, मोइसनाइट आहे, कार्ड आहे. तो वाद घालत बसला नाही, खणातून दुसऱ्या गिऱ्हाइकाची मोइसनाइटची अंगठी काढली आणि भिंग माझ्या हातात दिलं. वरून सरळ बघितलं तर दोन्ही सारखेच, मग त्याने अंगठी थोडी तिरकी धरायला लावली आणि कडेच्या पैलूंमधून आत बघ म्हणाला. त्याच्या खड्यात मागच्या पैलूंच्या रेघा चक्क दोन दोन दिसत होत्या, जोडीजोडीने. माझ्या खड्यात एकेकच. वर माझ्या खड्याच्या पैलूंच्या धारा झिजून गोलसर झालेल्या, त्याच्या खड्याच्या अजून ब्लेडसारख्या. प्रकाश मोइसनाइटमधे दुभंगतो, एडीत दुभंगत नाही, त्यामुळे ही खूण फार कामाची आहे, फक्त बघायचं तिरकं.

आणि मग त्याने बिल मागितलं. माझ्या फोनमधे फोटो होता. बिलावर लिहिलं होतं: स्टोन, ६.५ मिमी, १.६२ कॅरेट, दर १२,००० प्रति कॅरेट, एकूण १९,४४०. त्याला हसूच आलं. गोष्ट अशी आहे की मोइसनाइट हिऱ्यापेक्षा हलका असतो आणि एडी हिऱ्यापेक्षा कितीतरी जड. साडेसहा मिमीचा गोल हिरा साधारण एक कॅरेट भरतो, तेवढाच मोइसनाइट ०.८८ च्या आसपास, आणि तेवढाच एडी दीड कॅरेटच्या वर. थोडा इकडे तिकडे फरक कटिंगमुळे पडतो, पण साडेसहा मिमीचा मोइसनाइट १.६२ कॅरेट भरणं शक्यच नाही. म्हणजे त्या बहाद्दरांनी एडीचं खरं वजन करून, त्याला मोइसनाइटचा दर लावून, स्वतःच्या हाताने पुरावा लिहून दिला होता. असला सुटा एडी शे-दोनशे रुपयांत मिळतो हो!

तेवढ्यात नवऱ्याला अजून एक दिसलं. अंगठी चौदा कॅरेट सोन्याची (हा कॅरेट शुद्धतेचा, खड्याचा कॅरेट वजनाचा), बिलावर सोन्याचं वजन ३.८४० ग्रॅम. एकूण अंगठीचं वजन काट्यावर किती? तेच, ३.८४०. म्हणजे खड्याचं वजन सोन्यातून वजाच केलं नव्हतं. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्या हिशोबाने १.६२ कॅरेट म्हणजे ३२४ मिलिग्रॅम खडा आम्ही सोन्याच्या भावाने घेतला, त्यावर घडणावळ वेगळी. खडा जितका जड तितका दोन्हीकडून फायदा. बिलात ग्रॉस (खड्यासकट वजन) आणि नेट (नुसत्या सोन्याचं वजन) असे दोन आकडे वेगळे नसतील तर तिथेच थांबवा.

हॉलमार्क नव्हता का असं सगळे विचारतात. होता, आणि खराही होता, बीआयएस केअर ॲपमधे सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक) टाकून बघितला तर अंगठी बरोबर निघाली. पण हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कार्डाचं म्हणाल तर त्यावरचा नंबर खड्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, लेझरने कोरलेला असायला हवा, भिंगातून दिसतो. आमच्या खड्यावर काहीच नव्हतं. असली कार्डं कोणीही छापू शकतं.

दुकानात गेलो तर आधी चहा, मग "ताई, तुम्ही बाहेर कुठे दिली असेल, तिकडे बदलला असेल", मग "बिलावर मोइसनाइट कुठे लिहिलंय, स्टोन लिहिलंय". इथे आम्हाला व्हॉट्सॲपने वाचवलं. ऑर्डर देताना त्यांच्याच नंबरवरून आलेला मेसेज होता, मोइसनाइट, साडेसहा मिमी, दर, सगळं. शिवाय मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका लॅबमधून खडा तपासून लेखी रिपोर्ट घेतला, त्यात स्पष्ट क्युबिक झिर्कोनिया. तरी मालक फोन घेईना. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, त्यानंतर स्वतःहून फोन आला, "ओरिजनल बसवून देतो, तक्रार मागे घ्या". बसवून घेतलं नाही, पैसे मागितले, आणि बरीच घासाघीस होऊन खड्याचे १९,४४० परत मिळाले. जास्तीच्या सोन्याचे आणि घडणावळीचे द्यायला साफ नकार, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. खरेदी पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून कोणाचं असलं जुनं बिल पडलं असेल तर तारीख बघून घ्या.

दुसरा खडा आम्ही सुटा घेतला, वेगळ्या ठिकाणी. बिलावर "मोइसनाइट" हा शब्द, मिमी आणि कॅरेट तिन्ही लिहून घेतलं, खडा आमच्यासमोर काट्यावर ठेवला, ०.८७ भरला, भिंगातून नंबर कार्डाशी जुळवला आणि कारागीर अंगठीत बसवत असताना आम्ही दोघं त्याच्या समोरच स्टुलावर बसून राहिलो. विक्रेता थोडा वैतागला होता. वैतागू दे. जुना एडी मी फेकला नाहीये, तो लॅबच्या पाकिटात सीलबंद आहे, आयोगात दाखवायला लागेल.