थिकनर पावडर: दाटपणा टिकतो, पण डब्यातल्या मापावर विसंबू नका

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. घास ती सावकाश का होईना, गिळते. तिचं वाकडं आहे ते पाण्याशी. पातळ पदार्थ तोंडात पडला की घसा सज्ज होण्याआधीच खाली धावतो आणि श्वासनलिकेत शिरतो. कधी ठसका लागतो, तर कधी तोही लागत नाही. नुसते डोळे पाणावतात आणि आवाज ओला, घरघरता होतो. हा बिनठसक्याचा प्रकार जास्त वाईट, कारण बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून स्पीच थेरपिस्टने पाणी, दूध, सगळंच थिकनर, म्हणजे पातळ पेय दाट करणारी पावडर, घालून द्यायला सांगितलं. सकाळचं तिची आई बघते, संध्याकाळचं मी, त्यामुळे या पावडरीबद्दलचं हे मत दोघांचं समजा.

आमच्याकडे आधी स्टार्चवाली पावडर होती, आता झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाची आहे. फरक पहिल्याच पेल्यात दिसतो. स्टार्चचं पाणी गढूळ होतं आणि ठेवलं की आणखी घट्ट होत जातं. त्यात लाळ मिसळली की उलट पातळ होतं, कारण लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च फोडतं. आमची लेक एक पेला संपवायला बराच वेळ घेते, आणि प्रत्येक घोटाबरोबर थोडी लाळ पेल्यात परत जाते. म्हणजे पहिला घोट एक आणि शेवटचा भलताच. झँथन गमवर लाळेचा असा परिणाम होत नाही. पाणी जवळपास पारदर्शक राहतं आणि दाटपणा शेवटपर्यंत तोच. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही पावडर पुन्हा घेईन.

गुठळ्यांची तक्रार बरेच जण करतात. पेला आणि चमचा कोरडे ठक्क हवेत, आणि पावडर ढवळत ढवळत भुरभुरायची. वर ढीग ओतून मग चमचा फिरवला तर माशांच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात. त्या गाळून टाकण्यापेक्षा नवा पेला करावा. पाणी लवकर दाटतं, दूध वेळ घेतं. दूध अजून पातळच दिसतंय म्हणून घाईने आणखी पावडर घातली की थोड्या वेळाने त्याचा चिकट गोळा होतो.

आता खरी नाराजी. डब्यातलं प्लॅस्टिकचं माप कुचकामी आहे. सपाट भरायचं की शिगोशीग, याचं चित्रसुद्धा नाही, आणि लेबलवर नुसतं ‘मध्यम दाट’ लिहिलंय. कोणाचं मध्यम? खाण्यापिण्याचा दाटपणा मोजायची आयडीडीएसआय नावाची, ० ते ७ अशी जगभर चालणारी पायऱ्यांची पट्टी असताना पायरीचा आकडा छापायला काय होतं? आम्हाला पायरी २ सांगितली आहे आणि ती मी सिरिंजने तपासतो. १० मिलीची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढून टाकायचा, खालच्या तोंडावर बोट ठेवून १० च्या रेघेपर्यंत भरायचं आणि बोट काढून १० सेकंद मोजायचे. आत १ ते ४ मिली उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर पायरी २, ८ च्या वर उरलं तर पायरी ३. सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात, बरं का. शून्यापासून १० मिलीपर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर भरली पाहिजे, नाहीतर आकडे चुकतात.

‘जास्त दाट म्हणजे जास्त सुरक्षित’ असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. गरजेपेक्षा दाट झालं की ते घशातच मागे राहतं, आणि मूल पितंही कमी. माझ्या आईने पहिल्यांदा पेला बघून विचारलं होतं, “अरे, ह्याला पाणी म्हणतात होय? पोरीची तहान कशी भागायची?” प्रश्न रास्त होता. अशी मुलं पाणी कमी पितात, लघवी गडद होते, बद्धकोष्ठ वाढतो. म्हणून आम्ही दिवसभरात किती पोटात गेलं ते लिहून ठेवतो.

बद्धकोष्ठावरून एक आठवलं. पीईजी किंवा मॅक्रोगॉल असलेलं रेचक पाण्यात विरघळवून देत असाल तर त्यात स्टार्चवाली पावडर घालू नका. मिश्रण पुन्हा पाण्यासारखं पातळ होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये याचा इशारा दिला होता. माझ्या मते ही सूचना डब्यावर ठळक असायला हवी. आमच्या जुन्या डब्यावर ती नव्हती.

नव्या डब्यावर ‘सर्व वयोगटांसाठी’ असं मोठ्या अक्षरांत आहे, तेही मला खटकतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रकांनी, मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना झँथन गमचं एक थिकनर देऊ नये असं बजावलं होतं. तान्ह्या बाळासाठी हा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये. शिवाय झाकण नुसतं दाबून बसतं, लहान हातांनाही उघडतं. कोरडी पावडर तोंडात गेली तर घशातच फुगून श्वास अडवू शकते, म्हणून आमचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर असतो.

चव जवळजवळ नाहीच, फक्त थोडा बुळबुळीतपणा जाणवतो. लेक पहिले काही दिवस जिभेने बाहेर ढकलायची, आता पेला दिसला की तोंड उघडते. पावडरीला पाचपैकी साडेचार, डब्याला दोन. कंपनीने त्या मापाऐवजी एक सिरिंज टाकली तर मी दोनाचे चार करीन.