नाशिकच्या शालिमारचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान: काम चोख, बिलाच्या नावाने शिमगा

इडली-डोशाचं पीठ विकणाऱ्या बाईचा मिक्सर बसला की धंदाच बसतो. माझ्या साडेसातशे वॅटच्या मिक्सरला जळका वास यायला लागला, खालच्या जाळीतून ठिणग्या दिसायला लागल्या. सर्व्हिस सेंटरने ‘मोटरच बदला’ म्हणून जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा मिक्सर आला असता.

शेवटी सिडकोतून शालिमार गाठलं. दुकानाला पाटी नाही, दारात लटकणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरून ओळखायचं. दुकानाच्या चाचांनी मिक्सर उलटा करून खोलला आणि आधी मला दाखवला. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन्ही कार्बन झिजून नखाएवढे उरलेले, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर काळाकुट्ट. “वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, शाबूत आहे ताई, मोटर कशाला बदलता?” कॉम्युटेटर पॉलिश पेपरने घासला, नवे कार्बन बसवले, मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशला तेल दिलं. साडेतीनशे रुपये. जुने कार्बन न मागता माझ्या हातावर ठेवले, हे मला फार आवडलं. आता उडीद डाळ वाटताना मोटरचा आवाजसुद्धा नरम आलाय.

पाचातला एक तारा मात्र कापते. बिल नाही, गॅरंटी तोंडी, आणि गाडी लावायला जागा शोधताना जीव जातो. पण तेवढ्याशा खोपट्यात ते तरी काय करणार? महापालिकेने आपल्या व्यापारी संकुलांतले थोडे गाळे अशा कारागिरांना स्वस्त भाड्याने द्यावेत. बदल्यात भिंतीवर दरपत्रक आणि गिऱ्हाइकाला पक्कं बिल, एवढीच अट. सातपूरच्या आयटीआयची पोरं हाताखाली बसली तर चाचांनंतरही हे काम चालू राहील. व्हिएन्ना शहराने २०२० मध्ये दुरुस्तीचं कूपन काढलं: निम्मा खर्च शहर भरणार, जास्तीत जास्त १०० युरो, तेही यादीतल्या दुकानांतच. आपल्याकडे उद्या असं काही निघालं तरी चाचांकडे ते वटणार कसं? बिलबुकच नाही!

जाणार असाल तर मिक्सरबरोबर भांडंही न्या. पुष्कळदा मोटर ठणठणीत असते, भांड्याखालचा, मोटरला जोडणारा कपलर झिजलेला असतो, आणि तो चाचा उभ्या उभ्या बदलून देतात.