६० हजारांचं बाथरूम फोडल्यावर टाइल्सखाली काय निघालं

डोंबिवलीतल्या जुन्या सोसायटीतलं चार बाय सहा फुटांचं बाथरूम. कंत्राटदारानं व्हॉट्सअॅपवर 'तोडफोडीपासून नळापर्यंत ६० हजार, विथ मटेरियल' एवढंच लिहून दिलं आणि ४० हजार आगाऊ घेतले. चार दिवसांत बाथरूम चकाचक. वर्ष उलटायच्या आत खालच्या घराच्या छताला ओल आली आणि नवी फरशी फोडावी लागली.

जुनी फरशी तशीच होती. तिच्यावरच नव्या टाइल्स बसवलेल्या. त्यामुळे तळ इंचभर वर आला, ढाळ बिघडला आणि पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी खाली नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याकडे) न जाता उंबऱ्यापाशी साचू लागलं. ट्रॅपही जुनाच, फक्त जाळी नवी. वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली सिमेंटच्या पाण्याचा एक हात मारलेला.

खरं वॉटरप्रूफिंग चार दिवसांत उरकतच नाही. आधी भराव काढून स्लॅब उघडा करायचा. पाइपांभोवतीची भोकं नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणाऱ्या) ग्राउटनं बुजवायची, भिंत आणि तळाच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलाकार वाटा (कोन बुजवणारी गोलाई) काढायचा. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला त्याहून वर. ते सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरायचं आणि ४८ तास तसंच ठेवायचं. खालच्या घरात जाऊन छत बघायचं. हे होईपर्यंत एकही टाइल लावू द्यायची नाही. 'पाणी भरायची गरज नाही, आपली गॅरंटी आहे' असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. तोंडी गॅरंटी छत कोरडं ठेवत नाही.

भिंत फोडली तर गीझरकडून येणाऱ्या गरम लाइनीला पांढरा यूपीव्हीसी पाइप. तो थंड पाण्यासाठी. गरम पाण्यानं तो मऊ पडतो आणि सांधे हळूहळू सुटतात. गरम लाइनीला सीपीव्हीसी लागतो, सहसा फिकट पिवळसर रंगाचा, अंगावर आयएस १५७७८ हा भारतीय मानक क्रमांक छापलेला. त्यातही एसडीआर (पाइपाच्या व्यासाचं त्याच्या जाडीशी प्रमाण) ११ आणि १३.५ असे प्रकार. ११ जाड आणि महाग, म्हणून भाव ११ चा लावून १३.५ टाकणारेही भेटतात. खाचा बुजवण्याआधी छाप वाचा, फोटो काढा आणि टोकं बंद करून लाइन पंपानं दाबाखाली तपासून घ्या.

टाइल्सच्या हिशेबातली चोरी तर उघड्यावर होती. पॅकेजमध्ये १२० चौरस फूट धरले होते, वरचे ९० 'एक्स्ट्रा' म्हणून लावले, म्हणजे एकूण २१०. आता मोजा: चारही भिंतींचा घेर २० फूट, उंची ७, म्हणजे १४०. अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की साधारण १२२. तळाचे २४ मिळून १४६, तुटफुटीचे दहा टक्के धरून १६१. म्हणजे जवळपास ५० फुटांचे पैसे हवेतच. शिवाय टाइल्सच्या पाठीला सिमेंटचे पाच-पाच गोळे लावून चिकटवलेल्या. नाण्यानं ठोकल्यावर पोकळ वाजल्या. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. तिथे अॅडहेसिव्हच हवा, आणि तो पूर्ण पाठीवर कंगव्यानं, म्हणजे दातेरी थापीनं, पसरलेला.

नळ पितळी सांगून जस्तमिश्र धातूचे, वरून क्रोम. हातात घेतले की हलके लागतात. नळ, ट्रॅप आणि पाइप स्वतः दुकानातून, आपल्या नावाच्या जीएसटी बिलावर घ्यावेत. कंत्राटदाराला फक्त मजुरी.

पैसे वाचवायचेत? कमोडची जागा हलवू नका, गीझर चालत असेल तर तोच ठेवा, शॉवरपासून लांबच्या भिंतीला टाइल्स चार फुटांपर्यंतच लावा, साध्या सिरॅमिक घ्या. वॉटरप्रूफिंग, पाइप आणि ट्रॅपमध्ये हात आखडू नका.

आगाऊ रक्कम १०-२० टक्क्यांपुढे नको. बाकीची टप्प्याटप्प्यानं: तोडफोड, पाइपची तपासणी, ४८ तासांचं पाणी, टाइल्स. शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून झाल्यावर.

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या बाथरूमच्या गळतीचा खर्च त्या सदस्याचाच. त्यामुळे इथे मालकाला स्वतःचं बाथरूम परत करून खालचं छतही रंगवून द्यावं लागलं. कंत्राटदाराचा फोन तोवर बंद. अशा वेळी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि उघड्या टप्प्यांचे फोटो जपून ठेवा. भिंतीतून निघालेला पाइपाचा छाप असलेला तुकडाही डेब्रिजबरोबर जाऊ देऊ नका.