देशी झाडांची बाग करून देणारी सर्व्हिस : जमिनीचं काम एक नंबर, नंतरची देखभाल मात्र ढिली

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते खाली येईलच. घरासमोरची आणि बाजूची मोकळी जागा, कडक ऊन, पाऊस कमी आणि तोही चार महिन्यांत उरकणारा, आणि त्यात एक कायम तहानलेलं लॉन. ते काढून कमी पाण्यावर जगणारी देशी झाडं लावून द्या म्हणून एका छोट्या लँडस्केपिंगवाल्यांना काम दिलं होतं. नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि माणसं मुळात प्रामाणिक आहेत, पण अशा कोणाकडूनही काम करून घेणाऱ्याला उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या व्हिजिटला त्यांनी झाडांचे फोटो दाखवलेच नाहीत. सोबत पहार आणि फावडं घेऊन आले, दोन-तीन ठिकाणी साधारण फूटभर खोल खड्डे घेतले, पाणी भरलं, ते जिरू दिलं, परत भरलं आणि किती वेळात उतरतं ते बघत बसले. समोरच्या बाजूचं पाणी काही तासांत गायब आणि कंपाउंडच्या कडेचं दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच डबक्यासारखं, कारण तिथे खाली बांधकामाचा राडारोडा दाबून बसवलेला निघाला, सिमेंटचे खडे, विटांचे तुकडे, काय नाही ते. आता हे न बघता तिथे कुठलंही काटक झाड लावलं असतं तरी मुळं कुजून गेलंच असतं, कारण दुष्काळ सोसणाऱ्या बऱ्याच झाडांना कोरडं चालतं पण पाय पाण्यात बुडालेले चालत नाहीत. तो पट्टा खणून मोकळा केला तेव्हाच पुढचं काम.

मग विचारलं की छताचं पाणी कुठे पडतं. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छतावर 10 मिलिमीटरची एक सर आली की हजार लिटर, थोडं वाया जातं धरलं तरी भरपूर. आमचं ते सगळं पाइपातून सरळ गटारात जात होतं. त्यांनी पाइप वळवून, घराच्या पायापासून चांगलं लांब नेऊन, एका उथळ चरात सोडलं, चराच्या तोंडाशी दगड मांडले म्हणजे माती वाहून जात नाही, आणि चराच्या काठाने झाडांची जागा ठरवली. पाणी दोन दिवसांच्या आत मुरलं पाहिजे, नाहीतर डास होणार, हे पण त्यांनी स्वतःहून सांगितलं. पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन बघत उभा होतो, खरंच मुरलं. या कामाला पाचपैकी पाच.

आता लॉनबद्दल. सगळं काढायचं की नाही यावर घरात बराच वाद झाला, मुलांना बसायला हिरवं हवं वगैरे. शेवटी घराजवळ दुर्वांचा एक छोटा तुकडा ठेवला आणि बाकी सगळं काढलं. त्यांची पद्धत अशी की जास्त पाणी लागणारं जे काही आहे ते दाराजवळ, नळाजवळ, एकाच ठिकाणी, आणि जसजसं लांब जाल तसतसं काटक. एका व्हॉल्व्हवर एकाच स्वभावाची झाडं. साधी गोष्ट आहे पण याआधीच्या माळ्याने गुलाब आणि कोरफड एकाच वाफ्यात लावली होती, एकाला पुरतं तेवढं पाणी दिलं की दुसरी सडते.

इथून अर्धा स्टार कापायला सुरुवात. पहिल्या प्लॅनमध्ये झेरिस्केपिंग झेरिस्केपिंग (म्हणजे कमी पाण्यावर भागेल अशी बाग करणं) असं दहा वेळा लिहिलं होतं. ही कल्पना 1981 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने पुढे आणली आणि ती चांगलीच आहे, पण तिचा अर्थ पांढरी खडी पसरून मधे घायपात उभी करणे असा नाही ना. घायपात मूळची मेक्सिकोकडची. आणि 'नेटिव्ह प्लांट्स' या मथळ्याखाली कोटेशनमध्ये काय होतं, तर बोगनवेल, टेकोमा, देवचाफा! बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, टेकोमा आणि देवचाफाही अमेरिका खंडातलेच. वाईट झाडं नाहीत, कमी पाण्यात जगतात, बोगनवेल तर जगतेच जगते, पण देशी म्हणून पैसे घेताय तर देशी द्या. विचारल्यावर डिझायनर बाई म्हणाल्या, "अहो, लोकांना रंग हवा असतो." ते खरंय, पण मग तसं लिहा. यादी बदलून दिली, तक्रार न करता दिली, हे पण सांगायला हवं. तुम्ही यादी घ्याल तेव्हा प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा, नर्सरीत एकाच नावाने चार वेगळी झाडं मिळतात.

बदललेल्या यादीत आलं ते असं : एक बहावा, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीकडे निर्गुडी आणि अडुळसा, कंपाउंडला कोरांटीची रांग (काटे आहेत, कुत्री घुसत नाहीत), चराच्या काठाने धायटी, अर्धवट सावलीत शतावरी आणि चित्रक, कोपऱ्यात रुई, आणि उन्हाच्या पट्ट्यात तरवड. चित्रक वाटेपासून जरा आत लावा, फुलाखालचा भाग चिकट असतो आणि येता-जाता कपड्याला चिकटून घरात येतो. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये, लहान मुलं असतील तर विचार करा, आम्ही ती लांबच्या कोपऱ्यात ठेवली.

तरवडाबद्दल मात्र थोडं जास्त लिहिणार आहे कारण या अख्ख्या बागेत पैसे वसूल त्यानेच केलेत. रस्त्याकडेला, माळावर उगवणारं झुडूप म्हणून कोणी ढुंकून बघत नाही, पण पिवळी फुलं आली की काळे भुंगे येतात, ते मोठे, लाकूड पोखरणारे. भुंगा फुलाला घट्ट पकडतो आणि एकदम त्याचा आवाज बदलतो, उडतानाचा भुर्रर्र वेगळा आणि हा वेगळा, बारीक, चिरका. तो अंग थरथरवून परागकोश हलवतो, कारण तरवडाचे पराग कोशाच्या टोकाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतात, नुसतं बसून मिळत नाहीत. कान जवळ नेला तर स्पष्ट ऐकू येतं. पाहुणे आले की मी हे ऐकवतो, काहींना माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटतं.

लावणीचं काम मजुरांनी फार नीट केलं. रोपं लहान घेतली, मला आधी वाटलं पैसे वाचवतायत, पण लहान रोप नव्या जागेत लवकर रुजतं आणि मोठ्या पिशवीतल्या गुंडाळलेल्या मुळांच्या झाडाला बऱ्याचदा मागे टाकतं. खड्डा पिशवीएवढाच खोल पण दोन-तीन पट रुंद, गोल फिरलेली मुळं हाताने सोडवली, आणि निघालेली मातीच परत भरली. खड्डा नुसत्या शेणखताने भरला की मुळं त्या मऊ गादीतच फिरत बसतात, बाहेरच्या कडक मुरुमात शिरतच नाहीत. वरून पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. भिंतीलगत मात्र पाला नाही, वाळवीला आमंत्रण नको म्हणून.

पण खडीच्या वाटेखाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी प्लास्टिकचं तणरोधक कापड घातलं, न विचारता. वाटेखाली एकवेळ ठीक, पण झाडांच्या मधल्या जागेत कशाला? मधमाश्यांच्या जातकुळीतल्या बहुतेक माश्या पोळं बांधतच नाहीत, एकेकट्या राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीत बीळ करतात, त्यांना उघडी माती लागते. आणि वर धूळ बसली की तण कापडावरच उगवतं, मग उपटताना कापड फाटतं. मी वाटेबाहेरचं सगळं काढायला लावलं.

ठिबक. मटेरियल चांगलं, फिल्टर बसवलेला, प्रत्येक झाडाला तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर, खोडाला चिकटून नाही तर थोडं बाहेर, झाड वाढेल तसे ते आणखी बाहेर सरकवायचे. इथपर्यंत मस्त. पण टायमर सेट करून दिला तो रोज दहा मिनिटांवर! म्हणजे दोन्ही ड्रिपर मिळून झाडाला जेमतेम सव्वा लिटर, वरची माती ओली दिसते आणि उन्हाने दुपारपर्यंत उडून जाते, मुळं वरच घुटमळतात, आणि मग एखादा दिवस लाइट गेली की झाड माना टाकतं. देशी काटक झाडांची सवयच घालवायची ही पद्धत. फोन केला तर म्हणे सगळ्यांकडे असंच लावतो, क्लायंटला रोज ओलं दिसलं की बरं वाटतं. मी ते बदलून दर चार-पाच दिवसांनी दीड तास केलं, म्हणजे झाडामागे बारा लिटर, आणि लोखंडी सळई खुपसून बघतो, ओल जिथपर्यंत गेलीय तिथपर्यंत सळई सहज जाते. जमीन चिकणमातीची असेल तर अंतर वाढवा, वाळू-मुरूम असेल तर कमी करा. आणि कोणी देशी झाडांना पाणीच लागत नाही म्हणून सांगत असेल तर ऐकू नका, पहिले दोन उन्हाळे तरी द्यावंच लागतं, त्यानंतर हळूहळू पाणी तोडायचं.

अजून एक गोष्ट जी त्यांनी आधी सांगायला हवी होती : उन्हाळ्यात ही बाग फोटोसारखी दिसत नाही. काही झाडं पानं टाकून मोकळी होतात, गवत पिवळं पडतं, शेजारचे येऊन विचारतात की सगळं मेलं का हो. बहाव्याने पानं टाकली तर वॉरंटीत बदलून देतो म्हणून त्यांचा माणूस कुदळ घेऊन हजर! मी नखाने फांदीची साल जराशी खरवडून दाखवली, आत हिरवीगार. झाड जिवंत आहे की नाही हे बघायची एवढी साधी रीत बागेच्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसावी याचं नवल वाटलं.

आणि खरा एक स्टार इथे गेला, एएमसीमध्ये, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारात. डिझाइन करणारी टीम वेगळी आणि देखभालीला येणारी पोरं वेगळी, त्यांना कोणी काही शिकवलेलंच नाही. आले ते ब्लोअर घेऊन, मुद्दाम पसरलेला पालापाचोळा पोत्यात भरला. कळ्या लागलेला तरवड मशीनने चौकोनी कापला. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या, प्लेन टायगर फुलपाखराच्या, त्या रुईची पानं खाऊनच मोठ्या होतात, रुई लावली होती ती त्यांच्यासाठीच, तर कीड म्हणून फवारणी करून टाकली. ओरडलो तर पोरगा म्हणाला, "काका, पानं खात होत्या त्या." त्याचंही बरोबर आहे, त्याला सांगितलंच नव्हतं कोणी. ऑफिसने माफी मागितली, पुढच्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत, पण एएमसी मी बंद केली. रुईला परत पानं फुटली आणि अळ्या पण परत आल्या, तेवढं बरं.

तेव्हा माझं म्हणणं असं की यांच्याकडून किंवा अशा कोणाकडून माती, उतार, चर, ठिबकाची जोडणी आणि लावणी एवढं जरूर करून घ्या, त्याचे पैसे देताना कुरकुर करू नका. झाडांची यादी स्वतः तपासा. देखभाल स्वतः करा किंवा शिकायची तयारी असलेला एखादा माळी बघा, छाटणी फुलं संपल्यावर आणि फवारणी विचारल्याशिवाय अजिबात नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगा.

बुकिंग करायचं तर पावसाच्या दोन-तीन महिने आधी बोला, कारण खणायचं आणि चर काढायचं काम कोरड्यात उरकायला हवं आणि लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर. ऐन उन्हाळ्यात आठवड्यात बाग उभी करून देतो म्हणाले (मला म्हणाले होते) तर सरळ नको म्हणा, थांबतात ते.