‘व्हिटॅमिनच तर आहेत, अपाय काय होणार?’ म्हणत घातलेला गंडा

आम्हाला गंडवणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलत होता, हे आधी सांगून टाकते. फसवणूक म्हटलं की एका पुडीत सगळे रोग बरे करणारा भोंदू डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हता. एन्झाइम, पेशी, मज्जातंतूंचं आवरण हे शब्द त्याच्या तोंडी सफाईने यायचे. बी१२ कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, हे त्याने सांगितलं आणि ते खरं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी१२चं शोषण कमी होऊ शकतं, हेही खरं. मज्जासंस्थेला बी६ लागतं, खरं. या खऱ्या गोष्टींच्या रांगेत त्याने दोन थापा अलगद बसवल्या. एक, शरीरात काय कमी आहे ते त्याच्या यंत्राला कळतं. दुसरी, व्हिटॅमिन जास्त झालंच तर लघवीवाटे निघून जातं. त्याचं सगळं दुकान या दोन वाक्यांवर चालायचं.

माझा दादा साठी ओलांडलेला, मधुमेह जुना. रात्री तळपायांना मुंग्या येतात म्हणून तो वैतागला होता. वहिनींच्या ओळखीतल्या कुणीतरी या ‘वेलनेस कोच’चं नाव सुचवलं आणि तो घरी हजर झाला. ‘काका, हात द्या जरा’ म्हणत त्याने दादाच्या मुठीत धातूची कांडी दिली. कांडीची वायर लॅपटॉपला जोडलेली. त्याआधी त्याने नाव, वय, उंची, वजन हे सगळं विचारून भरून घेतलं होतं. मिनिटभर पडद्यावर पट्ट्या वरखाली नाचल्या आणि मग भलाथोरला अहवाल बाहेर आला. जस्त, सेलेनियम, बी६, कोलॅजन, ‘टॉक्सिन’, प्रत्येकापुढे हिरवी, पिवळी नाहीतर लाल पट्टी. दादाच्या अहवालात लालच लाल. ‘बघा काका, बी६ अगदी तळाला गेलंय.’

पुढे माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्याच मुलाने, या यंत्राची गंमत उघडी पाडली. त्या कोचच्या एका मोफत शिबिरात तो दादाला घेऊन गेला. तिथे यंत्रावर दुसरीच मुलगी बसली होती. तिला त्याने दादाचं वय आणि वजन मुद्दाम बरंच कमी सांगितलं. मूठ तीच, कांडी तसलीच, पण या खेपेला बी६ हिरवं आणि जस्तही झकास! यंत्र वाचत होतं ते टाइप केलेले आकडे. तळहाताला धातू टेकवून रक्तातलं व्हिटॅमिन मोजता येत नाही, कुठल्याच यंत्राला नाही.

खरं मोजमाप किचकट असतं. लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन बघतात, ‘डी’साठी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, बी१२साठी रक्तातलं बी१२ आणि शंका उरली तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड. मॅग्नेशियमचं तर रक्तावरून नीट कळतही नाही, कारण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमचा एक टक्क्याहून कमी भाग रक्तद्रवात असतो, बाकीचं हाडांत आणि पेशींत. ‘याचं पक्कं सांगता येत नाही’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा आपल्याला ते कच्चे वाटतात आणि लाल पट्टी दाखवणारा हुशार वाटतो. केसांची बट पाठवून खनिजं तपासून घेण्याचा प्रकारही याच जातीचा. २००१ साली एकाच निरोगी व्यक्तीचे केस अमेरिकेतल्या सहा प्रयोगशाळांकडे पाठवले गेले होते. अहवाल एकमेकांशी जुळेनात आणि आहाराचे सल्लेही परस्परविरोधी आले.

आता बाटल्यांकडे वळते. दादाला ‘नर्व्ह’ कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, झोपेसाठी मॅग्नेशियमची गोळी, ताकदीसाठी पावडर आणि वर एक मल्टिव्हिटॅमिन. वेगवेगळ्या तक्रारींसाठी वेगवेगळी औषधं, असंच दिसत होतं. लेबलं उलटून बारीक अक्षरं वाचली तेव्हा चारही बाटल्यांत बी६ निघालं. एकीवर ‘पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड’, दुसरीवर ‘पायरिडॉक्सल फॉस्फेट’, म्हणून सहज ओळखू येत नव्हतं. नर्व्ह कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम, ती दोनदा. मॅग्नेशियमच्या गोळीत १०, पावडरीत २०, मल्टिव्हिटॅमिनमध्ये १०. बेरीज दिवसाला १४० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि ती साध्या जेवणातून भागते. अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. दादाला जे खरोखर हवं होतं ते बी१२ मात्र या सगळ्यात नावापुरतं!

बी६ पाण्यात विरघळतं, म्हणून जादाचं निघून जातं, हे तर्काला पटतं आणि म्हणूनच खपतं. पण १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात सात रुग्णांची हकिगत छापून आली. ही माणसं रोज दोन ते सहा ग्रॅम बी६ घेत होती. त्यांची संवेदना गेली, चालताना तोल जाऊ लागला. त्यानंतर याहून पुष्कळ कमी मात्रेतही, दीर्घकाळ घेतल्यावर, असा त्रास झाल्याची उदाहरणं नोंदली गेली. बी६ अति झाल्याची लक्षणं कोणती? पायांना मुंग्या, बधिरपणा, जळजळ. म्हणजे ज्या तक्रारीसाठी कॅप्सूल विकली जाते, नेमकी तीच तक्रार ती कॅप्सूल निर्माण करू शकते.

झालंही तसंच. दादाच्या मुंग्या घोट्यांपर्यंत चढल्या, चप्पल पायातून कधी निसटली ते कळेना. वहिनींनी कोचला फोन केला. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे: ‘उत्तम! नसा जाग्या होतायत. याला हीलिंग क्रायसिस म्हणतात. आता कॅप्सूल दोनऐवजी तीन घ्या.’ मला या माणसाचा सगळ्यात जास्त राग येतो तो या उत्तरासाठी. त्रास कमी झाला तर गुण आला आणि वाढला तर विष बाहेर पडतंय. अशा बोलण्यात माणूस कधी चुकूच शकत नाही. हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेत की त्या दिवशीच ते औषध थांबवा आणि डॉक्टर गाठा.

वहिनींची गोष्ट वेगळीच. केस गळतात म्हणून त्यांना बायोटिनच्या (हेही एक बी व्हिटॅमिनच) गोळ्या दिल्या होत्या, एका गोळीत १० मिलिग्रॅम. पुरेसं मानलं जाणारं रोजचं प्रमाण ३० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ही गोळी त्याच्या तीनशे पटींहून जास्त. बायोटिनचा थेट अपाय फारसा दिसत नाही. खरा घोळ तपासणीत होतो. कित्येक प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्ये बायोटिन हाच पकड घेणारा दुवा म्हणून वापरलेला असतो. रुग्णाच्या रक्तात ते भरमसाट असलं की काही आकडे खोटे घसरतात, काही खोटे वाढतात. थायरॉईडच्या तपासणीत वहिनींचा टीएसएच तळाला आणि टी४ चढलेला आला. थायरॉईड बेफाम झाल्याचं चित्र. कोचने तो अहवाल बघितला आणि ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ म्हणून थायरॉईडची आणखी एक बाटली गळ्यात मारली. स्वतःच्या गोळीने बिघडवलेल्या आकड्यावर दुसरी गोळी विकायची, याला काय म्हणावं!

आमच्या डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी विचारलं, ‘केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?’ गोळ्या बंद करून थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त दिलं आणि सगळं नॉर्मल आलं. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची चाचणीही काही यंत्रांवर अशी चुकू शकते. जादा बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाची ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी आली आणि पुढे तो दगावला, अशी नोंद देत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये इशारा काढला होता. तेव्हा रक्त देताना गोळ्यांची यादी आपणहून सांगावी. सुई टोचणारा बहुधा विचारत नाही.

कोचच्या व्हॉट्सॲप गटात दादाचा एक मित्रही ओढला गेला होता, पक्का सिगारेटवाला. त्याला ‘फुप्फुसांच्या संरक्षणासाठी’ बीटा कॅरोटीनचा, म्हणजे गाजरातल्या केशरी द्रव्याचा, भारी डोस दिला होता. इथे मात्र मी गप्प बसले नाही, कारण या बाबतीतला पुरावा फार स्पष्ट आहे. पूर्वीच्या निरीक्षणांत असं दिसलं होतं की भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना, रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असलेल्यांना, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. मग तेच गोळीतून द्यावं, असा साधा विचार. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, रोज २० मिलिग्रॅम. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, तोही १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथे वाढ २८ टक्के होती. भाजी खाणाऱ्याच्या ताटात बीटा कॅरोटीन एकटं नसतं, आणि भाजी खाणारा माणूस इतरही बाबतीत वेगळा असतो. एक रेणू उचलून दसपट द्यायचा आणि ताटाचं पुण्य त्याच्या नावावर जमा करायचं, ही चलाखी प्रत्येक बाटलीच्या लेबलवर सापडते.

याचा अर्थ पूरक गोळ्या सगळ्या थोतांड असा मुळीच नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. कुणाला, कधी, किती, हे तिन्ही ठरलेलं होतं. कोचच्या योजनेत यातलं एकही ठरलेलं नव्हतं. तिथे ठरलेलं होतं फक्त दर महिन्याला खोकं येणं आणि पैसे आपोआप कापले जाणं.

वहिनींना पुढे ‘पार्टनर’ करून घ्यायचाही बेत होता. ओळखीतली माणसं आणा, तुमच्या बाटल्या फुकट. हा सापळा मला पैशांपेक्षा घातक वाटतो, कारण एकदा चार शेजारणींना विकलं की स्वतःला त्रास होतोय हे म्हणायला तोंड उरत नाही. वहिनींनी नकार दिला, नशीब. ‘डॉक्टरांना न्यूट्रिशन शिकवतच नाहीत, त्यांना काही सांगू नका’ हे वाक्यही गटात दिवसाआड फिरायचं.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं की उघडलेली बाटली कंपनी परत घेत नाही, आणि ‘हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या उपचारासाठी नाही’ असं बाटलीवर छापलेलंच आहे. छापलेलं होतं खरं, बाटलीच्या तळाशी, भिंगातून दिसेल एवढ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी आम्हाला गटातून काढलं.

दादाच्या रक्तात बी६ मर्यादेच्या कितीतरी वर आणि बी१२ कमी निघालं. डॉक्टरांनी बी६ असलेलं सगळं बंद करून बी१२ची इंजेक्शनं सुरू केली. थांबवल्यावरही सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढू शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तो वाढला तेव्हा आम्ही घाबरलो नाही. आता मुंग्या घोट्यांखाली उतरल्या आहेत. टाचांची बधिरता आहे अजून, आणि ती पूर्ण जाईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.

औषध नियंत्रकांकडे तक्रार दिली आहे. तिच्यासोबत चारही लेबलांचे फोटो आणि यंत्राचे दोन्ही अहवाल जोडले. रिकाम्या बाटल्या वहिनी टाकून देणार होत्या, भाच्याने अडवलं. कुणाच्या घरी असा प्रकार चालू असेल तर गोळ्या बंद करा, पण बाटल्या ठेवा. डॉक्टरांना मात्रेची बेरीज करता आली ती त्यांच्यामुळेच, आणि तक्रारीतही बॅच नंबर विचारतात.